वाटीबाईंनी बाजूला काढलेले फॉर्म

आरोग्य कचेरीच्या हजेरीपटावर त्यांचं खरं नाव होतं, पण ते फक्त तिथेच. बाकी सगळीकडे त्या वाटीबाई. हे नाव मुलांनी ठेवलेलं, आणि मुलांनी ठेवलेलं नाव काही केल्या पुसलं जात नाही. पहिली दोन वर्षं त्यांना राग यायचा. मग राग निवला, आणि एके दिवशी कचेरीतला फोन उचलून त्या स्वतःच बोलून गेल्या, "हां, वाटीबाई बोलतेय." तिथून पुढे साहेबांनीही तेच नाव धरलं.

नाव पडलं ते त्यांच्या पिशवीमुळे. जाड कापडाच्या त्या पिशवीत तीन मापांच्या तीन वाट्या, दोन चमचे, एक पेला आणि फॉर्मांचा गठ्ठा असे. वाट्यांच्या आतल्या बाजूला रेघा कोरलेल्या. पाहणीसाठी निवडलेल्या घरी जायचं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ही भांडी ओळीनं मांडायची आणि तेरा ते सतरा वयाच्या मुलाला किंवा मुलीला समोर बसवून विचारायचं, "काल सकाळी डोळे उघडल्यापासून आज डोळे उघडेपर्यंत पोटात काय काय गेलं? भात खाल्लास? या वाटीनं की त्या वाटीनं? कुठल्या रेघेपर्यंत?" एकवीस वर्षं त्यांनी हेच विचारलं.

देशानं एक तक्ता ठरवून दिलेला होता. वाढत्या वयात रोज धान्य किती, डाळ किती, भाजी, फळ, दूध किती हे सगळं त्यात मांडलेलं. मुलं खरोखर काय खातात ते वाटीबाई लिहून आणत, आणि कचेरीत ते तक्त्याशेजारी ठेवून कुठे काय कमी पडतं ते काढलं जाई. त्या आकड्यांवरून शाळांना दूध मिळायचं, गोळ्या मिळायच्या. म्हणून वाटीबाईंना आपलं काम लहान वाटलं नाही. घरातून निघताना त्या उंबऱ्यात हात जोडून म्हणायच्या, "देवा, आज माझ्या हातून खोटं लिहिलं जाऊ देऊ नकोस." टपालखात्यातून निवृत्त झालेले यजमान मागून विचारायचे, "आज किती पोटांची झडती?"

"सहा."

"आणि माझ्या पोटाचं काय?"

"तुमचं पोट तक्त्यात मावत नाही," असं म्हणून त्या चपला घालायच्या.

मुलं खोटं बोलतात हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं. तो तक्ता शाळेच्या पुस्तकातही छापलेला असतो, आणि परीक्षेला पाठ केलेलं मुलं वाटीबाईंपुढेही तसंच म्हणून दाखवतात. एक सोळा वर्षांचा धटिंगण ओठाला चिप्सचा चुरा लागलेला असताना म्हणाला होता, "दोन वाट्या पालेभाजी."

"कुठली रे पालेभाजी?"

तो विचारात पडला. मग म्हणाला, "हिरवी."

त्याची आई हसून हसून खुर्चीतून पडायची राहिली. वाटीबाईही हसल्या, आणि त्यांनी ती पालेभाजी खोडली. पण दर वेळी अशी खोडता येत नसे. दिवसाला सहा घरं, प्रत्येक घरी दोन फेऱ्या, एक शाळेच्या दिवसाची आणि एक सुट्टीच्या दिवसाची. जे पटण्यासारखं असे, ते लिहून घ्यायचं आणि उठायचं.

जे पटण्यासारखं नसे, त्यासाठी एक नियम होता. दिवसाच्या खाण्याची गोळाबेरीज एका ठरावीक रेषेच्या खाली आली, की तो फॉर्म हिशेबात धरायचा नाही. एवढ्याशा खाण्यावर कोणी हिंडूफिरू शकत नाही, म्हणजे सांगणारा विसरला असेल, नाहीतर लपवतो आहे. अशा फॉर्मवर लाल शाईनं "अविश्वसनीय" लिहायचं, दोरीनं बांधायचं आणि कपाटाच्या खालच्या खणात टाकायचं. नियम वरून आलेला होता, आणि तो काही वेड्यानं केलेला नव्हता. एका खोट्या आकड्यानं दहा खऱ्या आकड्यांची माती होते. आठ वर्षांपूर्वी साहेबांनी ती लाल लेखणी वाटीबाईंच्या हाती दिली. कचेरीत त्यांच्याइतका विश्वास दुसऱ्या कोणावर नव्हता. लेखणी हातात घेताना त्यांना बरं वाटलं होतं, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

त्या वर्षी पाहणीचे शेवटचे दिवस होते. बुधवारी संध्याकाळी साडेपाचला त्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी पोचल्या. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापडाचे ढीग आणि माप घेण्यासाठी उभा आरसा, मागे स्वयंपाकघर. एकुलती एक मुलगी, चौदा पूर्ण झालेली, पुलापलीकडच्या शाळेत नववीत. सुट्टीच्या दिवसाचा तिचा फॉर्म आधीच झाला होता, आणि तो चांगला भरलेला होता. आज शाळेच्या दिवसाचा.

आई दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, तोंडात दोन टाचण्या तशाच. मुलगी टेबलाशी बसली आणि धडा वाचावा तसं सांगू लागली. सकाळी एक पेला दूध, दोन पाव, एक केळं. डब्यात भात, डाळ, भाजी, मोठ्या वाटीनं. चारला फळ. रात्री पुन्हा भात आणि अंडं. वाटीबाईंची पेन्सिल भराभर चालत होती. आईचा चेहरा फुलला होता. टाचण्या काढून ती म्हणाली, "डबा घासून आणते हो माझी मुलगी. शीत म्हणून राहत नाही. मी पाचला उठते तिच्या डब्यासाठी."

तेवढ्यात बाहेरून कोणीतरी हाक मारली. कपड्याचं माप द्यायला गिऱ्हाईक आलं होतं. आई पुढे गेली, मधलं दार तिनं ओढून घेतलं.

मुलगी हळूच म्हणाली, "बाई, ते खोडा. खरं वेगळं आहे."

"म्हणजे?"

"सकाळी मी काही खात नाही. दूध कुंडीत ओतते. पाणीपण पीत नाही. डबा मी खात नाही. साडेचारला घरी आले की पाणी पिते, चारपाच पेले. मग दोन पाव. रात्री जेवते, पण जास्त जात नाही. पोट दुखतं."

वाटीबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. अशा मुली त्यांनी शेकड्यानं पाहिल्या होत्या. आरशात बघून जेवण सोडणाऱ्या, मैत्रिणीशी पैज लावणाऱ्या, नुसतीच आपल्याकडे कोणी बघावं म्हणून सांगणाऱ्या. "खरं सांग," त्या म्हणाल्या.

"खरंच सांगतेय."

"बारीक व्हायचंय का तुला?"

"नाही हो."

"मग शाळेत काहीतरी घेऊन खात असशील. आठव बरं, खरं सांग."

मुलीनं त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं, राग होता. "मघाशी खोटं सांगत होते, तेव्हा तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

त्यांनी नवा फॉर्म काढला आणि ती म्हणाली तसं लिहून घेतलं. बाहेर मशीन सुरू झालं होतं. "नाव कुठे जात नाही ना?" मुलीनं विचारलं. "आईला सांगायचं नाही. शब्द द्या."

"नाही सांगत," वाटीबाई म्हणाल्या. हा शब्द त्या प्रत्येक घरी देत असत.

गुरुवारी सकाळी कचेरीत त्यांनी बेरीज केली. फॉर्म रेषेच्या बराच खाली गेला. सवयीनं हात लाल लेखणीकडे गेला आणि कागदावर "अविश्वसनीय" उमटलंही. शाई वाळायच्या आत मात्र त्यांना त्या मुलीचं वाक्य आठवलं. आपण एकदाही विचारलं नाही, ते का? कारण ती सांगत होती ते तक्त्याशी जुळत होतं. जुळलं म्हणून आपण मान डोलावली. न जुळणारं सांगितलं, तेव्हा तीन वेळा उलटतपासणी घेतली.

त्यांनी खालचा खण ओढला. त्या वर्षीच्या गठ्ठ्यात एकतीस फॉर्म होते. आजवर ते कोणी क्रमानंसुद्धा लावले नव्हते, टाकायच्याच वस्तू त्या. वाटीबाईंनी खिडकीजवळच्या टेबलावर ते पसरले आणि शाळेप्रमाणे वेगळे केले. कुठल्या शाळेचे दोन, कुठल्या शाळेचे चार. पुलापलीकडच्या शाळेचे आजचा धरून तेरा निघाले. तेराच्या तेरा मुली. मुलगा एकही नाही.

त्यांनी तेरा कागद शेजारी शेजारी ठेवले. सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंतची जागा सगळ्यांवर कोरी होती. पाण्याचा रकानाही कोरा. तो रकाना फॉर्मच्या मागच्या बाजूला असतो, आणि त्याची बेरीज कोणी करत नाही. मग त्यांनी वरच्या खणातून, हिशेबात धरलेल्या फॉर्मांतून, याच तेरा मुलींचे सुट्टीच्या दिवसाचे फॉर्म शोधून काढले. सुट्टीच्या दिवशी या सगळ्या पोटभर जेवत होत्या. न्याहारी, दुपारचं जेवण, दूध, पाणी, सगळं होतं. बारीक व्हायचं वेड सुट्टीच्या दिवशी सुटत नाही, हे वाटीबाईंना चांगलं ठाऊक होतं.

तेरा कागदांवर लाल अक्षर त्यांचंच होतं. वळणदार, एकसारखं. शाळेत त्यांना अक्षरासाठी बक्षीस मिळालं होतं.

चार वाजता त्या पुलाच्या या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. शिवणवाल्या बाईंची मुलगी दप्तर पाठीवर टाकून झपझप येत होती, इकडेतिकडे न बघता, मैत्रिणींना मागे टाकून. वाटीबाईंना बघून ती थबकली.

"आईला सांगितलंत?"

"नाही गं. एकच विचारायला आलेय. शाळेच्या दिवशीच का?"

"चालता चालता बोला," मुलगी म्हणाली, "मला थांबता येत नाही." आणि लाजून तिनं मान खाली घातली. तेव्हा वाटीबाईंच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

चालता चालता सगळं कळलं. शाळेत मुलींसाठी दोन संडास. एकाचं दार गेल्या वर्षी निखळलं. दुसऱ्याला आतून कडी नाही. दार लोटलं तरी वीतभर उघडं राहतं, आणि समोरच मुलांची पाणी प्यायची जागा. वरच्या वर्गातली दोन मुलं एकदा मुद्दाम दार ढकलून पळाली. त्या मुलीला सगळे पुढचे आठ दिवस चिडवत होते. मग मुलींनी आपापसांत ठरवूनच टाकलं की जायचंच नाही.

"सकाळी पाणी प्यायलं की तिसऱ्या तासाला कळ येते," मुलगी म्हणाली. "दूध प्यायलं तरी येते. जेवलं की तहान लागते. म्हणून काहीच नाही. सवय होते बाई. पहिले पंधरा दिवस चक्कर येते, मग नाही येत."

"शिक्षिकांना सांगितलं नाहीत?"

"सांगितलं की. त्या म्हणाल्या, मैत्रिणीला दार धरायला सांगा. मैत्रीण दार धरून उभी राहिली की सगळ्यांना कळतं ना आत कोणीतरी आहे!"

"आणि डबा?"

"मुलांना देते. दोन मिनिटांत फस्त करतात. म्हणतात, तुझ्या आईच्या हाताला चव आहे." एवढं बोलून ती पहिल्यांदा हसली, आणि घर दिसताच पळत सुटली.

वाटीबाई तिथेच कठड्याला टेकल्या. नियम म्हणत होता, एवढ्याशा खाण्यावर कोणी हिंडूफिरू शकत नाही. मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोरून पळत गेली होती.

शुक्रवारी सकाळी त्या तेरा फॉर्म घेऊन साहेबांसमोर उभ्या राहिल्या. साहेब आकड्यांचे माणूस, सरळ, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला.

"बाई, कडी हा आहाराचा विषय नाही. ते शाळा खात्याला कळवा."

"कळवते. पण साहेब, हे फॉर्म खोटे नाहीत. ते हिशेबात घ्या."

"नियम माहीत आहे ना तुम्हाला? तुम्हीच नव्या माणसांना शिकवता."

"हो. आणि मीच चुकले."

साहेबांनी वरचा फॉर्म हातात घेऊन बघितला. मग म्हणाले, "रेषेखालचा फॉर्म परत घ्यायची एक वाट आहे. घरातल्या मोठ्या माणसानं खाली लिहून द्यायचं की हे खरं आहे, आणि सही करायची. सोमवारी दुपारी अहवाल जातो. तोवर जितक्या सह्या आणाल, तितके धरतो." त्यांनी चष्मा लावला. "आणि बाई, हे आधीच्या वर्षांतही असेल का?"

वाटीबाईंनी तेरा फॉर्म गोळा केले.

सही आणायची म्हणजे आईला सांगणं आलं. शब्द मोडणं आलं. न आणावी, तर ती मुलगी कागदावर कायमची खोटारडी. दुपारी घरी वाटीबाईंनी वाढलेलं ताट तसंच बाजूला सारलं. यजमानांनी विचारलं, "आज तुझीच झडती घ्यायची का?" तेव्हा त्यांना रडू आलं, आणि यजमानांनी थट्टा आवरती घेतली. सगळं ऐकून ते एवढंच म्हणाले, "शब्द ज्याला दिलास, त्यालाच जाऊन विचार. पत्र ज्याचं त्याच्याच हातात द्यायचं, एवढं आम्हाला शिकवलं होतं."

म्हणून संध्याकाळी त्या आधी मुलीला भेटल्या, पुलाजवळच. सगळं स्पष्ट सांगितलं. मुलगी भडकली. "म्हणजे तुम्ही लिहिलंत मी खोटं बोलते म्हणून?"

"लिहिलं."

"लाल शाईनं?"

"लाल शाईनं."

मुलगी पुन्हा झपझप चालू लागली. मागून दोन मैत्रिणी येऊन पुढे गेल्या, त्याही झपझप. शेवटी ती म्हणाली, "आईला मी सांगते. तुम्ही नुसत्या बसा. मध्ये बोलू नका."

आई एका झग्याला काठ लावत होती. वाटीबाईंना बघून तिनं मशीन थांबवलं. "पुन्हा? आणखी कसली फेरी राहिली?" मुलीनं दप्तर खाली ठेवलं आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं. कुंडीत ओतलेलं दूध, मुलांना दिलेला डबा, कडी, दार, सगळं. एकदा सुरू झाल्यावर तिला थांबताच येईना.

आईच्या हातातलं कापड तसंच राहिलं. "डबा रिकामा येतो रोज," ती म्हणाली. जणू तेवढी एक गोष्ट खरी ठरली असती तर बाकी सगळं खोटं पडलं असतं.

"मुलं खातात."

"म्हणजे वर्षभर मी पाचला उठून परक्या पोरांची पोटं भरतेय?"

मुलगी रडू लागली. आई तिच्यावर ओरडली नाही. तिनं मोर्चा वाटीबाईंकडे वळवला. "आणि तुम्हाला काय हवंय आता?"

वाटीबाईंनी फॉर्म पुढे केला. "इथे लिहून सही करायची, की हे खरं आहे."

"मी? मी लिहून देऊ की माझी पोर उपाशी असते? उद्या कोणी वाचलं तर म्हणेल, आई मशीनवर बसून असते आणि पोरीकडे लक्ष नाही. त्यात कडीबिडी कोणी वाचणार नाही, ताई. उपाशी एवढंच वाचतील. मी नाही करणार सही. शाळेचं काय ते मी शाळेत बघते. तुमचा कागद तुम्ही घेऊन जा."

मध्ये बोलू नका असं मुलीनं बजावलं होतं. म्हणून वाटीबाईंनी नुसताच फॉर्म आईकडे फिरवला आणि वरच्या लाल शब्दावर बोट ठेवलं.

आईनं तो शब्द वाचला. पुन्हा वाचला. "हे काय?"

"हे माझं अक्षर आहे," वाटीबाई म्हणाल्या. आता बोलणं भागच होतं. "तुमच्या मुलीनं मला खरं सांगितलं, आणि मी लिहिलं की हिच्यावर विश्वास ठेवू नये. तुम्ही सही केली नाहीत तर हा कागद असाच राहील. केलीत तर याच्याखाली मला लिहिता येईल की चूक तपासणाऱ्या बाईची होती. तुम्हाला नाव ठेवणारं कोणी भेटलं तर त्याला माझ्याकडे पाठवा."

आईनं कागद मशीनवर ठेवला. मग तिनं मुलीला विचारलं, आणि आवाज अगदी बदललेला होता, "पोट रोज दुखतं?"

"रोज नाही."

"मला का नाही सांगितलंस गं?"

"तू शाळेत येऊन भांडली असतीस."

"असतेच!" आई म्हणाली, आणि रडता रडता दोघींनाही हसू फुटलं. आईनं नाक पुसलं, खडूनं भरलेले हात पुसले आणि टेबलाच्या खणातून पेन काढलं. तिनं हळूहळू, एकेक अक्षर लावत लिहिलं, "माझी मुलगी सांगते ते खरं आहे." सही केली. मग वाटीबाईंकडे न बघता म्हणाली, "बाकीच्या बारा घरांचे पत्ते द्या. तुम्ही एकट्या गेलात तर दारातूनच परत पाठवतील. मी येते."

शनिवार-रविवार दोघी फिरल्या. पत्ते दुसऱ्याला द्यायचे नसतात, म्हणून वाटीबाईंनी कागद दाखवला नाही. त्या पुढे चालायच्या आणि शिवणवाल्या बाई मागून. आठ घरी सह्या मिळाल्या. एका घरी वडील म्हणाले, असलं काही आमच्याकडे नाही, आणि मुलगी त्यांच्यामागे उभी राहून जमिनीकडे बघत राहिली. एका घरी दारच उघडलं नाही. दोन घरच्या मुलींनीच ऐनवेळी शब्द फिरवला, आम्ही सगळं खातो म्हणाल्या. वाटीबाईंनी त्यांना तीन वेळा विचारलं नाही. एकदाच विचारलं आणि डोक्यावर हात ठेवून उठल्या.

सोमवारी सकाळी, नऊ घरच्या आया शाळेत गेल्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या, दुरुस्तीचा अर्ज वर गेलेला आहे, मंजुरी आली की होईल. शिवणवाल्या बाई म्हणाल्या, "बरं, मंजुरी सावकाश येऊ द्या," आणि बाहेर थांबवलेल्या सुताराला आत बोलावलं. वीस मिनिटांत कडी बसली. निखळलेलं दार उभं करायला त्याला आणखी दीड तास लागला. वीस मिनिटांचं काम वर्षभर पडून होतं, आणि तेवढ्या दिवसांत किती मुलींच्या पोटात काय काय बिघडलं असेल, ते देवालाच ठाऊक.

दुपारी नऊ फॉर्म हिशेबात गेले. प्रत्येकावर लाल शब्दाखाली वाटीबाईंनी निळ्या शाईनं लिहिलं होतं, "फॉर्म खरा. चूक तपासणीची," आणि खाली आपलं पूर्ण नाव. साहेबांनी ते एकेक वाचलं. अहवालात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात एक ओळ वाढली, की एका शाळेतल्या मुलींचं दिवसाचं खाणं आणि पाणी कमी पडण्याचं कारण घरात सापडलं नाही. उरलेले चार फॉर्म पुन्हा खालच्या खणात गेले.

वाटीबाईंनी लाल लेखणी साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब म्हणाले, "हे काय? आता तर तुम्हीच हवात."

"मग एकटी नको. दोघींना बघू द्या. आणि साहेब, मला जुने गठ्ठे बघायचेत."

"पाच वर्षांपलीकडचे फाडून टाकतात, बाई. आणि एक वर्ष झालं की नावाची पट्टी कापून टाकतो आपण. त्यात काय सापडणार तुम्हाला?"

"बघू तर द्या."

पाच गठ्ठे मिळाले. दोऱ्या सोडून त्यांनी कागद वेगळे केले, तशाच शाळेप्रमाणे. पुलापलीकडच्या शाळेत तेव्हा दारं शाबूत होती, तिथला एखादाच फॉर्म निघाला. पण दुसऱ्या एका शाळेचे एका वर्षी सात होते, सातही मुली. आणखी एका शाळेचे दोन वर्षं ओळीनं पाच आणि सहा. सकाळपासून चारपर्यंत कोरी जागा, मागे पाण्याचा कोरा रकाना, वर वळणदार लाल अक्षर. त्या मुली आता कुठे असतील? कोणी नोकरीला लागली असेल, कोणाच्या कडेवर मूल असेल. सांगून बघितलं, कोणी ऐकलं नाही, हे तेवढं त्यांच्या लक्षात राहिलं असेल, किंवा तेही नसेल.

त्या सात मुलींच्या शाळेतल्या दाराचं काय झालं ते बघायला वाटीबाई दुसऱ्या दिवशी गेल्या. दार चांगलं होतं, नवं. कधी बसवलं ते कोणाला सांगता आलं नाही. दुसरी शाळा पलीकडच्या पेठेत हलली होती. तिथे त्यांनी शिक्षिकेची परवानगी घेऊन आत जाऊन कडी लावून बघितली. कडी लागली. त्या थोडा वेळ तशाच आत उभ्या राहिल्या.

अजूनही त्या फॉर्म भरतात. वाट्या मांडतात, रेघा दाखवतात. फरक एवढाच की सगळं तक्त्याशी जुळलं, की पेन्सिल खाली ठेवून त्या विचारतात, "बरं, आता तू मला सांग, शाळेत दार लागतं का?" मुलगे चक्रावतात. मुली आधी आईकडे बघतात आणि मग उत्तर देतात.

आणि सकाळी देवापुढे बसल्यावर त्या ज्यांच्यासाठी प्रार्थना करतात, त्यांत त्या जुन्या अठरा मुली असतात. नावं कापून टाकलेली. कागदावर उरलेत ते फक्त क्रमांक. म्हणून वाटीबाई क्रमांकच घेतात. एकशे चार. एकशे सत्तावीस. दोनशे नऊ. यजमान शेजारी बसून ऐकतात, आणि अठरा पूर्ण होईपर्यंत चहा मागत नाहीत.